टाकीच्या आतली बाजू

गावच्या पाण्याच्या टाकीवर बाहेरून पुष्कळ मजकूर असतो. योजनेचे नाव, किती लिटरची टाकी तो आकडा, ग्रामपंचायतीचे नाव, एखादी पाणी वाचवण्याची घोषणा, आणि खाली हाताला येईल अशा उंचीवर टाकी धुतल्याची तारीख. जलजीवन मिशनच्या टाक्या तर लांबूनही ओळखू येतात, इतका त्यांचा रंग ठसठशीत असतो. एवढ्या सगळ्या मजकुरात टाकीच्या आतल्या बाजूविषयी एक अक्षरही नसते. भिंतीला आतून काय लावले आहे, ते कोणत्या साली लावले, त्याला भेगा गेल्या आहेत का, ते पुन्हा कधी करायचे, याची नोंद भिंतीवर नसते आणि बहुतेक वेळा दप्तरातही नसते. वास्तविक काँक्रीटची टाकी वीस वर्षांत पाडावी लागणार की पन्नास वर्षे उभी राहणार, हे बऱ्याच अंशी आतल्या दोन-तीन मिलिमीटर अस्तरावर आणि त्यामागच्या चार-साडेचार सेंटिमीटर काँक्रीटवर ठरते. या लेखाचा मुद्दा एवढाच आहे, की टाकी आणि तिचे अस्तर या दोन वेगळ्या आयुष्याच्या वस्तू आहेत. टाकी एकदा बांधायची असते; अस्तर झिजण्यासाठीच असते आणि ते ठरावीक काळाने नवे करायचे असते. आपल्या पाणी योजनांच्या हिशेबात हा फरक धरलेला नसतो, म्हणून दहा-बारा वर्षांच्या टाक्याही ठिबकू लागतात आणि मग थेट नव्या टाकीचा प्रस्ताव तयार होतो.

हा प्रश्न अहिल्यानगर (पूर्वीच्या अहमदनगर) जिल्ह्यातल्या पाथर्डी तालुक्यात विशेष टोकदार होतो. गर्भगिरीच्या डोंगररांगा, पर्जन्यछायेचा पट्टा आणि खाली बेसॉल्टचा काळा कातळ, यामुळे इथे पावसाचेही पाणी कमी आणि जमिनीत मुरून राहणारेही कमी. पाथर्डी आणि शेवगाव या दोन शहरांना व त्यांच्याबरोबरच्या गावांना प्रादेशिक योजनेतून जायकवाडीच्या फुगवट्यातले पाणी उपसून आणावे लागते. मिरी-तिसगाव भागाची योजना मुळा धरणावर अवलंबून आहे. शेतीसाठी वांबोरी चारीचे पाणी कधी सुटणार आणि शेवटच्या तलावापर्यंत पोचणार का, याची चर्चा दरवर्षी होते. २०१९च्या उन्हाळ्यात जिल्ह्यातल्या सर्वांत टंचाईग्रस्त तालुक्यांत पाथर्डीचे नाव होते आणि गावोगाव टँकर धावत होते. इतक्या लांबून, इतकी वीज जाळून आणलेले पाणी शेवटी ज्या भांड्यात साठते, ते भांडे आतून कसे आहे हे कोणी पाहत नसेल तर त्याला निव्वळ आळस म्हणता येणार नाही. आपल्याकडे दुष्काळाशी लढण्याची रीतच बांधकामाची आहे. १९७२च्या दुष्काळापासून टंचाई आली की काम निघते. पाझर तलाव, बंधारा, विहीर, टाकी. बांधलेले जपण्यासाठी काम निघाल्याचे फारसे ऐकिवात नसते.

काँक्रीट आतून कसे खराब होते हे नीट समजून घेतले, तर पुढचा युक्तिवाद सोपा होतो. ताज्या, चांगल्या काँक्रीटचा सामू साडेबारा-तेराच्या घरात असतो. या तीव्र अल्कधर्मी वातावरणात आतल्या सळईवर एक अतिशय पातळ संरक्षक थर बसतो आणि तो असेपर्यंत सळई गंजत नाही. हवेतला कार्बन डायऑक्साइड काँक्रीटच्या छिद्रांतून आत शिरतो, तिथल्या चुन्याशी संयोग पावतो आणि सामू नऊपर्यंत खाली आणतो. हा बदल पृष्ठभागापासून आत सरकत सरकत सळईपर्यंत पोचला की संरक्षण संपते. पाण्यातले किंवा निर्जंतुकीकरणाच्या पावडरीतले क्लोराइड तिथवर पोचले तर हे आणखी लवकर घडते. गंज मूळ लोखंडापेक्षा दोन ते सहा पट जागा मागतो. ती जागा काँक्रीटला फोडूनच मिळते. आधी सळईच्या रेषेत बारीक भेग, मग तांबूस डाग, मग खपली सुटून उघडी पडलेली सळई, असा तो क्रम असतो. दुसऱ्या बाजूने पाणीही आपले काम करत असते. भेगेतून झिरपणारे पाणी सिमेंटमधला चुना विरघळवून नेते आणि टाकीच्या बाहेरच्या अंगाला पांढरे ओघळ दिसू लागतात. गावात त्याला क्षार आले म्हणतात आणि वरून रंगाचा एक हात मारला जातो. ते ओघळ म्हणजे भिंतीच्या आतून बाहेर आलेला सिमेंटचाच अंश असतो. हेही खरे, की सगळ्याच भेगा वाढत नाहीत. मिलिमीटरच्या एक-दोन दशांशाएवढी बारीक भेग सतत ओली राहिली तर तिच्यात चुनखडीचे कण बसून ती आपोआप बंद होऊ शकते. पाणी साठवणाऱ्या बांधकामांसाठीचे भारतीय मानक, आयएस ३३७०, भेगेची रुंदी ०.२ मिलिमीटरपर्यंत मर्यादित ठेवायला सांगते, त्यामागे हाही अनुभव आहे.

भेग आपोआप बंद होण्याची अट मात्र महत्त्वाची आहे: सतत ओली राहिली तर. पाथर्डीतली टाकी सतत ओली राहत नाही. प्रादेशिक योजनेचे पाणी काही दिवसांआड येते, मध्ये वीज जाते, वाहिनी फुटते. टाकी भरते, काही तासांत रिकामी होते आणि पुढच्या पाळीपर्यंत तशीच उभी राहते. मे महिन्यात बाहेर पारा चाळिशीच्या पुढे असताना रिकाम्या टाकीची भिंत तापते, वाळते, आणि एके दिवशी त्यात एकदम गार पाणी येऊन पडते. भरलेल्या टाकीत पाण्याखालच्या सळईला प्राणवायू फारसा मिळत नाही, त्यामुळे गंज मंद असतो. कायम कोरड्या काँक्रीटमध्ये ओलावा नसतो, तिथेही गंज मंद. ओले-कोरडे असे आलटून पालटून होणारे काँक्रीट सर्वांत लवकर जाते, कारण तिथे दोन्ही गोष्टी भरपूर मिळतात. म्हणून चोवीस तास पाणी असलेल्या शहरातली टाकी आणि आठवड्यातून मोजक्या वेळा भरणारी दुष्काळी गावातली टाकी एकाच नकाशावर, एकाच मिश्रणाने बांधली तरी त्यांचे म्हातारपण एकाच वेळी येणार नाही. ज्या गावाकडे पाणी कमी, त्या गावाची टाकी अधिक लवकर झिजते, असा हा उलटा न्याय आहे आणि देखभालीच्या कोणत्याही तक्त्यात तो आलेला दिसत नाही.

टाकीतली सर्वांत दुर्लक्षित जागा पाण्याच्या वर असते. पाण्याची पातळी आणि छताचा स्लॅब यांच्यामध्ये फूटभर मोकळी जागा ठेवलेली असते. तिथे कायम दमट हवा कोंडलेली असते, रात्री छत गार झाले की खालच्या अंगाला दव धरते, आणि पाण्यातून निघणारा थोडा क्लोरीनही तिथेच साचतो. ओलावा, प्राणवायू आणि क्लोरीन एकत्र येण्याची ही हमखास जागा. शिवाय स्लॅबच्या खालच्या अंगाची सळई सेंटरिंगच्या फळीला चिकटून बसण्याची चूक सर्रास होते, म्हणजे तिच्यावर काँक्रीटचे पांघरूणही कमी. तरीही अस्तर लावताना गवंडी तळ आणि भिंती करतो आणि छत सोडून देतो, कारण पाणी काही छताला लागत नाही. टाकी आतून पाहिली जाते तेव्हाही नजर तळाच्या गाळाकडे जाते. खरे तर झाकण उघडून आधी मान वर करून पाहायला हवे.

ठिबकणारी टाकी म्हणजे थोडे पाणी वाया जाणे, एवढाच याचा अर्थ घेतला जातो. तेही थोडे नसते. पन्नास हजार लिटरची एक गोल टाकी धरू. आतला व्यास ४.६ मीटर, पाण्याची उंची ३ मीटर. माणशी रोज ५५ लिटर या जलजीवन मिशनच्या मापाने ती सुमारे नऊशे माणसांची एक दिवसाची सोय झाली. या टाकीची पातळी वापर नसताना दिवसात एक सेंटिमीटर उतरली, तर साधारण १६६ लिटर गेले. पाच सेंटिमीटर उतरली, तर ८३० लिटर, म्हणजे पंधरा माणसांचा वाटा. टाकी रोज भरलेली राहिली असे धरले तर वर्षाला तीन लाख लिटर, दहा हजारी टँकरच्या तीस खेपा. पण पाण्याहून मोठी काळजी उलट दिशेची आहे. जिथून पाणी बाहेर जाते, तिथून टाकी रिकामी असताना बाहेरचे काही आतही येऊ शकते, विशेषतः जमिनीलगतच्या आणि जमिनीखालच्या टाक्यांत. अमेरिकेतल्या कोलोराडो राज्यात अलामोसा नावाचे एक छोटे शहर आहे. २००८च्या मार्चमध्ये तिथे नळाच्या पाण्यातून साल्मोनेलाची साथ पसरली. ४४२ रुग्णांची नोंद झाली, एकाचा मृत्यू झाला आणि प्रत्यक्ष आजारी पडलेल्यांचा अंदाज तेराशेपर्यंत गेला. तपासात संशय येऊन थांबला तो भेगा आणि भोके पडलेल्या एका जुन्या काँक्रीटच्या टाकीपाशी, जिच्यात प्राण्यांच्या विष्ठेचा अंश शिरला असावा. त्या शहराच्या पाण्यात तेव्हा क्लोरीनही घातला जात नव्हता. आपल्याकडे निर्जंतुकीकरणाची पावडर घालतात, ही जमेची बाजू. परंतु पावडर संपलेली असते, कमी पडते, किंवा जुनी होऊन तिचा जोर गेलेला असतो, हेही तितकेच परिचयाचे आहे.

यावर अभियंत्यांचा पहिला आक्षेप असा, की चांगल्या काँक्रीटला अस्तराची गरजच नाही. आक्षेप वजनदार आहे आणि तत्त्वतः बरोबर आहे. आयएस ३३७० हे मानक १९६५ साली आले. २००९च्या सुधारणेत लोखंडी सळईच्या काँक्रीटसाठी किमान एम-३० प्रत सांगितली गेली. पाणी अडवण्याची जबाबदारी मानकाने काँक्रीटवरच टाकली आहे, अस्तरावर नाही. घट्ट, नीट दाबलेले, पुरेसे पाणी मारलेले काँक्रीट स्वतःच पाणी धरते. अडचण आहे ती ‘पुरेसे पाणी मारलेले’ या शब्दांत. सिमेंट पूर्ण ताकदीला येण्यासाठी त्याला निदान पहिले काही दिवस सतत ओले ठेवावे लागते. टंचाईच्या गावात टाकीचे काम मार्च-एप्रिलमध्ये चालू असेल, प्यायलाच टँकर येत असेल, तर नव्या भिंतीवर दिवसातून चारदा पाणी मारायला कोण देणार? पाणी साठवण्यासाठी बांधलेली वस्तू पाण्याअभावीच कच्ची राहते. त्यात सळईचे अंतर राखणाऱ्या कव्हर ब्लॉकऐवजी खडीचे तुकडे लावलेले, व्हायब्रेटर एखाद्या कोपऱ्यात न पोचलेला, दोन दिवसांच्या ओतकामातला सांधा नीट न खरवडता वरचा थर टाकलेला. अशा टाक्यांना अस्तर म्हणजे चैन ठरत नाही. अर्थात अस्तर लावले की वाईट काँक्रीट चांगले होते, असाही याचा अर्थ नाही. आत सळई गंजत असताना वरून अस्तर चढवणे म्हणजे किडलेला दात साफ न करताच त्यावर टोपी बसवणे. कीड आत चालूच राहते आणि दिसेनाशी होते. तिथे आधी सैल काँक्रीट काढायचे, सळईच्या मागेपर्यंत उकरून गंज घासायचा, दुरुस्तीच्या मसाल्याने ती जागा भरायची, आणि मगच अस्तराचा विचार करायचा.

अस्तर कशाचे, हा पुढचा प्रश्न. पूर्वी चुन्याचा घोटलेला गिलावा होता. आजही किल्ल्यांवरच्या जुन्या टाक्यांत त्याचे पापुद्रे दिसतात. सध्या सिमेंट आणि पॉलिमरच्या मिश्रणाचे थर, एपॉक्सी, पॉलियुरेथेन आणि प्लॅस्टिकच्या चादरी असे पर्याय आहेत. दुकानदार एपॉक्सीचे नाव आधी घेतो, कारण ते चकचकीत दिसते आणि महाग असते. पाथर्डीसारख्या ठिकाणी उघड्या उन्हातल्या, वारंवार रिकाम्या होणाऱ्या टाकीच्या भिंतीला ते सरसकट योग्य आहे असे वाटत नाही. तापल्यावर एपॉक्सी काँक्रीटपेक्षा कितीतरी जास्त प्रसरण पावते. रोजच्या तापण्या-निवण्यात दोघांच्या जोडावर ताण येतो आणि एक कोपरा सुटला की पाणी मागे शिरून पापुद्रे निघतात. त्यापेक्षा थोडे लवचीक पॉलिमर-सिमेंटचे दोन हात काँक्रीटच्या जातीचे असल्याने बरोबर हलतात, ओलसर भिंतीवरही बसतात आणि गावच्या गवंड्याला शिकून घेता येतात. जमिनीखालच्या टाकीत बाहेरून ओल येत असेल, तर तिथेही एपॉक्सीला मागून दाब येऊन फुगे धरतात. छताच्या खालच्या अंगाला मात्र, जिथे क्लोरीन आणि दव यांचा मारा आहे, चांगल्या प्रतीचे एपॉक्सी आपली किंमत वसूल करते. इथे लोकांचा एक रास्त आक्षेप येतो: पिण्याच्या पाण्याला रसायन कशाला लावायचे? तो झटकून टाकू नये. डांबरमिश्रित काळे एपॉक्सी काही ठिकाणी टाकीच्या आत लावले जाते. त्यात कर्करोगाशी संबंध असलेली हायड्रोकार्बन असतात आणि पिण्याच्या टाकीत त्याला जागा नाही. पिण्याच्या पाण्याशी संपर्कासाठी तपासलेले, द्रावकविरहित उत्पादनच घ्यावे, त्याचे प्रमाणपत्र ग्रामपंचायतीने दप्तरी ठेवावे, आणि ते पूर्ण वाळून, टाकी धुऊन, पहिली भरती सोडून दिल्याशिवाय पाणी नळाला देऊ नये. ही पहिली भरती सोडून देणे टंचाईत जिवावर येते. काम कधी करायचे हे ठरवताना ती गोष्ट धरावीच लागते.

अस्तर फसते ते बहुधा मालामुळे फसत नाही, खालच्या पृष्ठभागामुळे फसते. शेवाळ, चुन्याची साय, जुना सुटा गिलावा यांच्यावर लावलेला कोणताही थर काही महिन्यांचाच पाहुणा. हातोडीने भिंत ठोकत गेले की कुठे खणखणीत आवाज येतो आणि कुठे बद्द, हे गवंड्याला सांगावे लागत नाही. बद्द आवाजाची प्रत्येक जागा खडूने आखून उकरली पाहिजे. भिंत आणि तळ जिथे मिळतात त्या कोपऱ्यात वाटा मारून गोलाई द्यायची, कारण काटकोनात अस्तर पातळ बसते आणि तिथेच फाटते. भिंतीतून जाणाऱ्या पाइपांभोवतीची जागा वेगळी भरून घ्यायची. एपॉक्सी लावायचे असेल तर भिंत कोरडी आहे का, हे पाहण्याची एक बिनखर्चाची रीत आहे: साधारण दीड फूट चौरस प्लॅस्टिकचा कागद चारही बाजूंनी चिकटपट्टीने भिंतीला बंद करायचा आणि संध्याकाळी लावून दुसऱ्या दिवशी, सोळा तासांनी, उघडायचा. आतून पाण्याचे थेंब किंवा भिंतीवर गडद डाग दिसला, तर काम थांबवायचे. ही एवढी चाचणी कामाच्या अटींमध्ये लिहिलेली असली, तरी ठेकेदाराशी होणारे अर्धे वाद टळतील.

मग चांगले लावलेले अस्तर मारतो कोण? पुष्कळदा आपणच, आणि तेही स्वच्छतेच्या नावाखाली. टाकी धुताना गाळ काढायला लोखंडी फावडे आणि घमेले आत जाते, भिंती तारेच्या ब्रशने घासल्या जातात, शिडीचे पाय तळावर आपटतात. रबरी पट्टी, प्लॅस्टिकचे सूप आणि नायलॉनचा ब्रश यांना दोन-पाचशे रुपयांहून अधिक खर्च नाही. दुसरा घाव टीसीएल या निर्जंतुकीकरणाच्या पावडरीचा. पन्नास हजार लिटरच्या या टाकीला ताजी पावडर साधारण पाव किलो लागते. ती बादलीत कालवून, चोथा खाली बसू देऊन, वरची निवळी टाकीत सोडायची असते. प्रत्यक्षात अनेकदा झाकण उघडून कोरडी पावडर तशीच फेकली जाते. ती झाकणाखालच्या तळावर साचून बसते आणि तेवढ्याच जागी क्लोरीनची तीव्रता कैक पटींनी वाढते. टाकीची आतली शिडी, झाकणाची कड आणि त्याखालचा तळ हेच भाग आधी गंजलेले आणि खरवडलेले दिसतात, ते यामुळे. पावडर घालणाऱ्या जलसुरक्षकाला दोष देऊन उपयोग नाही. चाळीस फूट चढून बादलीभर निवळी नेणे अवघड आहे. टाकीखाली, भरणाऱ्या पाइपवर थेंबथेंब क्लोरीन सोडणारे साधे यंत्र बसवणे हा त्यावरचा उपाय, आणि तो अस्तराच्या खर्चातच धरला पाहिजे.

याच तालुक्यातला शेतकरी दुसऱ्या एका अस्तराशी कसा वागतो, ते पाहण्यासारखे आहे. २०१६ पासूनच्या ‘मागेल त्याला शेततळे’ योजनेनंतर डोंगराच्या पायथ्याच्या फळबागांत प्लॅस्टिक अंथरलेली शेततळी सर्वत्र दिसू लागली. अर्धा मिलिमीटर, म्हणजे ५०० मायक्रॉनचा तो कागद. तो किती वर्षे टिकणार, उन्हाने कुठे कडक होतो, तळ पूर्ण कोरडा पडू दिला तर काय होते, कुत्र्या-हरणांची नखे कुठे लागतात, जोड कुठे उकलतो, हे शेतकऱ्याला तोंडपाठ असते. तो कुंपण घालतो, दोर सोडून ठेवतो, भोक पडले की ठिगळ मारतो, आणि काही वर्षांनी कागद बदलायचा आहे हे मनाशी धरूनच चालतो. मग सार्वजनिक टाकीच्या बाबतीत हेच शहाणपण कुठे जाते? ‘ते स्वतःचे आणि हे सरकारी’ एवढे उत्तर अपुरे आहे. शेततळ्याचे अस्तर डोळ्यांसमोर असते आणि फुटले की त्याच आठवड्यात बाग सुकते. टाकीचे अस्तर झाकणाआड असते आणि त्याच्या बिघाडाला दहा वर्षे लागतात, तोवर सरपंचांच्या दोन मुदती संपतात. म्हणून लोकांच्या वृत्तीवर प्रवचन देण्यापेक्षा आतली बाजू दिसती करावी. धुण्याच्या तारखेशेजारी अस्तराचे साल आणि पुढच्या तपासणीचे साल रंगवावे. दर धुण्याच्या वेळी मोबाइलवर ठरावीक आठ जागांचे, त्यांत छताच्या खालच्या अंगाचे, फोटो काढून ग्रामसभेत दाखवावेत.

पैशाचा आक्षेप सर्वांत आधी येतो आणि तो सर्वांत कमी तपासलेला असतो. वरच्याच टाकीचे क्षेत्रफळ काढू. भिंत मोकळ्या जागेसह ४८ चौरस मीटरच्या आसपास, तळ साडेसोळा, छत साडेसोळा. सगळे मिळून ऐंशी-एक्याऐंशी. म्हणजे पावणेनऊशे चौरस फूट. नऊशे माणसांच्या टाकीची आतली बाजू एवढीच असते. गावातल्या एका मध्यम घराच्या भिंतींना याहून जास्त रंग लागतो. पंधराव्या वित्त आयोगाने २०२१ ते २०२६ या काळासाठी ग्रामपंचायतींच्या अनुदानातला ६० टक्के भाग बंधित ठेवला आणि त्यातला अर्धा पिण्याचे पाणी, पर्जन्यजल संकलन व पाण्याचा पुनर्वापर यांसाठी राखला. जलजीवन मिशनच्या रचनेत लोकवर्गणी आहे आणि योजना नीट चालवणाऱ्या गावच्या पाणी समितीला दुरुस्तीसाठी फिरता निधी देण्याची तरतूदही आहे. म्हणजे मार्ग आहेत. नसते ते अंदाजपत्रकातले स्वतंत्र सदर. ‘टाकी देखभाल’ या एकाच सदरात पावडर, पंपाची दुरुस्ती आणि बल्ब सगळे कोंबले की अस्तराच्या वाट्याला काही उरत नाही. दरवर्षी थोडी रक्कम त्या नावाने बाजूला पडली तर आठ-दहा वर्षांनी येणारा खर्च अंगावर येणार नाही. याला पर्याय म्हणून प्लॅस्टिकच्या तयार टाक्या सुचवल्या जातात. वस्तीपुरत्या पाच-दहा हजार लिटरसाठी त्या ठीक आहेत, पण पन्नास हजार लिटर उंचावर साठवायला त्या उपयोगाच्या नाहीत. बोल्टने जोडलेल्या पत्र्याच्या टाक्या येतात, त्यांच्या आत तर उघडच प्लॅस्टिकची पिशवी असते, म्हणजे पुन्हा अस्तर आणि पुन्हा त्याचे आयुष्य.

उरतो तो वेळेचा प्रश्न: टाकी आठ-दहा दिवस बंद कशी ठेवायची? याचे उत्तर पाथर्डीच्या स्वतःच्या दिनदर्शिकेत आहे. हा ऊसतोड मजुरांचा तालुका. दिवाळीच्या सुमारास कोयते कारखान्यांकडे निघतात आणि मार्च-एप्रिलपर्यंत कित्येक वस्त्यांत म्हातारी माणसे आणि शाळेतली मुले तेवढी उरतात. ही काही अभिमानाची गोष्ट नव्हे, पण त्या काळात पाण्याची मागणी कमी असते, पावसाळ्यानंतर विहिरींना पाणी असते, आणि पहिली भरती सोडून देणे परवडते. हवाही अनुकूल असते. भिंत तापलेली नसते, काम फक्त पहाटेचे दव उडाल्यावर, उन्हे वर आल्यावर सुरू करायचे. नवरात्रातली मोहटादेवीची गर्दी तोवर ओसरलेली असते आणि मढीची कानिफनाथांची यात्रा होळीला सुरू व्हायची असते. दिवाळी ते होळी, एवढी सरळ फट आहे. अडचण एकच, की निर्णय घ्यायच्या वेळी माणसे गावात हवीत. २६ जानेवारीच्या ग्रामसभेला निम्मे गाव उसाच्या फडावर असते, म्हणून ठराव २ ऑक्टोबरच्या सभेतच व्हायला हवा. पाणीपट्टी भरणारेही तेव्हाच भेटतात.

काम करणाऱ्यांविषयी एक गोष्ट निक्षून सांगायला हवी. बंद टाकीत उतरणे धोक्याचे आहे. साचलेली दूषित हवा, पावडरीचा क्लोरीन, रंगकामातल्या द्रावकांची वाफ यांपैकी कशानेही माणूस क्षणात कोसळू शकतो, आणि त्याला काढायला घाईने उतरलेला दुसराही. हवा पाहण्यासाठी पेटती काडी किंवा कंदील नेण्याची जुनी सवय वाफेच्या जागी स्फोटालाच आमंत्रण देते. पंख्याने हवा खेळती ठेवणे, कमरेला दोर, आणि झाकणाशी कायम एक माणूस, हे ठरावातच लिहिलेले असावे आणि दरपत्रकात त्याचे पैसे धरलेले असावेत.

तालुक्यातल्या ज्या नव्या टाक्या अजून ठेकेदाराच्या दोषदायित्वाच्या मुदतीत आहेत, त्यांच्यापासून सुरुवात करणे सर्वांत स्वस्त पडेल. आयएस ३३७० या मानकात गळतीची चाचणी स्पष्ट आहे. उंचावरची टाकी पूर्ण भरून सात दिवस तशी ठेवायची, म्हणजे काँक्रीट पिऊन घेईल तेवढे पाणी पिऊन घेते; पुढचे सात दिवस बाहेरच्या अंगावर ओल दिसता कामा नये. जमिनीखालच्या, झाकलेल्या टाकीत पुढच्या सात दिवसांत पातळी एकूण २० मिलिमीटरहून जास्त उतरू नये. आपल्या उदाहरणातल्या मापाच्या टाकीत याचा अर्थ दिवसाला सत्तेचाळीस-अठ्ठेचाळीस लिटर, एका माणसाच्या वाट्यापेक्षाही कमी. पंधरा दिवस पन्नास हजार लिटर पाणी न वापरता टाकीत ठेवणे उन्हाळ्यात अशक्य आहे, म्हणून टाकी ताब्यात घेण्याच्या कागदावर मार्चअखेरीला सही करण्याची घाई गावाने करू नये. ही चाचणी भाद्रपद-आश्विनात, धरणे आणि विहिरी भरलेल्या असताना, गाव समितीच्या चार माणसांसमोर आणि रोजच्या नोंदीसह करून घ्यावी. मुदत संपण्याआधी दिसलेली ओल ठेकेदाराच्या खर्चाने दुरुस्त होते, नंतर दिसलेली ग्रामपंचायतीच्या.